रुळावर ठेवलेला हात

धाकू, काल तुझं तेरावं झालं. भिसेगावात तुझ्या अंगणात पंगत बसली, आणि वड्याचा घास तोंडात असतानाच लोकांनी तुला इतका चांगला माणूस करून टाकला की मला तू ओळखूच येईनास. कोणी म्हणालं, कधी आवाज चढवला नाही. कोणी म्हणालं, मोठा दिलदार होता. मी खाली मान घालून जेवत होतो. अर्धं आयुष्य तुझ्याबरोबर लायनीवर काढलं मी. तुझा आवाज पळसदरीच्या धरणापलीकडं जायचा, आणि तुझ्या चंचीतली तंबाखू तुझ्या सख्ख्या भावालाही कधी मिळाली नाही. माझी मात्र तू हक्कानं खायचास.

तू चांगला होतास की वाईट, ते वर बसलाय तो बघेल. मला तुझ्याशी भांडण पुरं करायचंय. शिमग्यापासून आपण बोलत नव्हतो आणि वैशाखात तू गेलास, त्यामुळं मधलं सगळं तसंच राहिलं. मी चार यत्ता शिकलो म्हणून तू मला ‘मास्तर’ म्हणून चिडवायचास. आता मास्तर लिहितोय, आणि तुला मध्ये तोंड घालायची सोय नाही. मला वाटलं होतं याचं मला बरं वाटेल. नाही वाटत.

तुला आठवतं का, आपण एकाच दिवशी कामाला लागलो ते? तू भिसेगावचा, मी खालापूरकडचा. दोघांच्याही हातात फावडं दिलं आणि पळसदरी ते कर्जत या तुकड्यावर सोडलं. दहा-बारा माणसांची गँग. स्लीपरखालची खडी उकरायची, पुन्हा ठासून भरायची, रूळ सरळ ठेवायचा. पुढं तू मुकादम झालास आणि मी चावीवाला. म्हणजे सकाळी हातोडा घेऊन एकट्यानं निघायचं, रूळ धरणाऱ्या पाचरी, त्या चाव्या, ढिल्या दिसतील तिथं ठोकत जायचं, आणि मग गँगमध्ये येऊन मिसळायचं.

तेव्हा दुपारची सुट्टी नव्हती. जुना मुकादम सावलीत उभा राहून आपल्याला उन्हात हाकायचा. त्यात आपली ती डोंगर फोडून काढलेली वाट. दोन्ही बाजूंना काळा कातळ, खाली खडी, मध्ये लोखंड, आणि वारा म्हणून यायचा नाही. चैत्र सरला की तिथं उभं राहणं म्हणजे चुलीत उभं राहणं. डोक्याला मुंडासं, मुंडाशाखाली पळसाचं पान, खिशात कांदा, एवढीच आपली तजवीज. आपल्यातला शिवा तिथंच गेला, पहार हातात धरून. ‘ऊन लागलं’ म्हणाले सगळे, आणि दुसऱ्या दिवशी त्याची पहार दुसऱ्याच्या हातात दिली.

मीही पडलो होतो एकदा. पिंडऱ्यांत गोळे आले, ओकलो, डोळ्यांपुढं काळोख आला. तू मला खांद्यावर टाकून लायनीकडेच्या करंजाच्या झाडाखाली नेलंस. तोंडावर पाणी मारलंस, तुझ्या डब्यातली पेज मीठ घालून घोट घोट पाजलीस, आणि सगळा वेळ मला शिव्या दिल्यास. “मरायचं असंल तं खालापुरात जाऊन मर, माज्या डोक्याला ताप नको,” असं म्हणत होतास आणि पुढचा घोट पाजत होतास. ती पेज मी विसरलेलो नाही. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्या पेजेच्या बदल्यात तू जन्मभर माझी तंबाखू खाल्ली असतीस. तशीही खाल्लीसच म्हणा.

तू मुकादम झालास त्या उन्हाळ्यात पहिलं काम केलंस ते दुपारच्या सुट्टीचं. मी म्हणत होतो, साहेबाला शिवाचं सांगू, माणसं मरतायत म्हणू. तू म्हणालास, गप बस मास्तर. आणि तेव्हाचा तो म्हातारा साहेब रुळावरून ढकलायच्या ट्रॉलीवरून आला तेव्हा तू हात जोडून पुढं गेलास.

“साहेब, मानसांसाठी काय नाय मागत. रूळ तापलाय. आता खडी उकरली तं रूळ बाक घेईल. मंग गाडीचं काय व्हईल ते तुमीच बघा.”

हे साहेबाच्याही पुस्तकात होतं. तापलेला रूळ लांबतो, खडीनं धरून ठेवला म्हणून जागेवर राहतो. खडी मोकळी केली तर वाकतो. साहेबानं हॅट सारखी केली आणि विचारलं, “किती तापला ते ठरवणार कोण?”

“ह्यो हात ठरवंल,” तू म्हणालास, आणि तळवा पुढं केलास.

साहेबाला पटलं. रुळावर हात टिकेनासा झाला की खडीला हात लावायचा नाही, असं ठरलं. करंजाखाली आल्यावर मी तुला खोटारड्या म्हणालो. तू आडवा झाला होतास, मुंडासं तोंडावर ओढून. आतूनच म्हणालास, “खोटं काय त्याच्यात? रूळ बाक घेतो हे खरं हाय. मानूस बाक घेतो हे पन खरं हाय. साहेबाला त्यातला रूळ दिसतो, म्हनून रूळ दाखवला.” त्या दिवशी मी चंची स्वतःहून तुझ्याकडं सरकवली.

तेव्हापासून ती रीतच पडली. ऊन चढलं की तू फावडं ठेवायचास, रुळापाशी उकिडवा बसायचास आणि उजवा तळवा लोखंडावर ठेवायचास. एक दम आत घ्यायचा, सोडायचा, तोवर हात टिकला तर काम चालू. नाही टिकला तर “बसा रं.” सगळ्यांचे डोळे तुझ्या खांद्यावर. खांदा हलला की आम्ही हत्यारं खाली टाकायला तयार. इतर गँगची माणसं आम्हाला हसायची, मुकादम रुळाची नाडी बघतो म्हणायची. हसू देत. तुझ्या हाताखाली मग कोणी शिवासारखं गेलं नाही. एवढं मी कालच्या पंगतीत म्हणायला हवं होतं.

पण धाकू, हात तोच राहत नाही रे. हीच तर आपल्या भांडणाची जागा.

पहिल्या उन्हाळ्यांत पुण्याकडची दुपारची गाडी यायच्या आत आपण करंजाखाली असायचो. तिच्या खिडक्यांतली माणसं आपल्याला झोपलेलं बघून जायची. मग पुढं असं झालं की ती गाडी जाताना आपण रुळाच्या बाजूला हत्यारं धरून उभे असायचो. आणि सरकारची ती मोठी लढाई सुरू झाल्यावर ती निघून जाऊन बराच वेळ झाला तरी तुझा तळवा रुळावर टिकायला लागला. रूळ काही थंड होत चालला नव्हता. तुझा तळवा जाड होत चालला होता. फावडं, पहार, पाना, वर्षानुवर्षं. तू चुलीतला निखारा बोटांनी उचलून बिडी पेटवायचास. तव्यावरची भाकरी हातानं उलटायचास आणि वर हौसावहिनींना म्हणायचास, तवा तापला नाय अजून. आम्ही हसायचो. त्या हसण्यातच कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

लढाईनं काम दुप्पट केलं. ताडपत्रीनं झाकलेल्या लांबच लांब गाड्या घाटाकडं जायला लागल्या आणि त्यांच्या वजनानं रुळांचे सांधे खचायला लागले. चार माणसं जास्त पगारासाठी लष्कराच्या डेपोत गेली. त्यांच्या जागी एक चंदर मिळाला. खोपोलीकडं शिंप्याच्या दुकानात बसणारा, उन्हाची सवय नसलेला माणूस. म्हातारा साहेब जाऊन नवा आला. तोही आपल्यातलाच होता, पण हॅट घातली की त्याला मराठी कमी समजायचं.

शिमग्याच्या सुमारास चंदर पडला. ऊन अजून कोवळं होतं, तरी तो पडला. पोटऱ्या धरून खडीवर लोळत होता, ओकत होता, अगदी मी लोळलो होतो तसाच. आणि तू त्याच वेळी रुळावर हात ठेवून, शांतपणे दम सोडून म्हणालास, “चालू द्या.”

माझं डोकं फिरलं. सगळ्या गँगसमोर मी ओरडलो, “तुजा हात मेलाय, धाकू. त्या हाताला आता चिता पन कळायची नाय.”

चितेचा शब्द टाळायला हवा होता, पण माझी जीभ तुला ठाऊक आहे. तू उठलास. चेहऱ्यावर काही नव्हतं. “माजा हात मेला असंल,” तू म्हणालास, “पन तुजी जीभ लई जिती हाय. तिलाच लाव रुळाला.”

मी म्हणालो, चंदरचा हात मऊ आहे, सुईदोऱ्याचा हात आहे, त्याला ठेवू दे. तू म्हणालास, मुकादमाचा हात मुकादमाचा असतो. मी म्हणालो, मग मुकादमानं माणसं पुरायचीही तयारी ठेवावी. त्यावर तू म्हणालास, “उद्या बघू.” आणि पाठ फिरवलीस.

तो उद्या आलाच नाही. तू मला काम सांगायचं झालं तर चंदरला सांगायचास आणि चंदर मला सांगायचा. मी दोन हातांच्या अंतरावर उभा असायचो आणि चंदर मध्ये घाम पुसत, “मुकादम म्हनतात पाना द्या,” “चावीवाले म्हनतात घ्या.” माझी तंबाखू खाणंही तू सोडलंस. ते मला सगळ्यात जास्त लागलं. तू मुकाट्यानं माझ्या चंचीत हात घातला असतास तर मी भांडण तिथंच सोडलं असतं, देवाशपथ.

आता तू गेलास त्या दिवसाचं. तू तिथं होतास, पण तुला सगळं आठवत असेल असं नाही, म्हणून सांगतो.

त्या दिवशी तू रोजच्यापेक्षा लवकर फावडं ठेवून रुळाकडं गेलास. पुण्याची गाडी यायला अजून अवकाश होता. तू उकिडवा बसलास, तळवा ठेवलास, आणि ठेवल्याबरोबर उचललास. दमसुद्धा घेतला नाहीस. आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. “बसा रं,” तू म्हणालास. कोणी हललं नाही, इतकं ते नवं होतं. मग तू ओरडलास तेव्हा माणसं करंजाकडं धावली.

आणि नेमकी तेव्हाच ट्रॉली आली. वर छत्री, छत्रीखाली हॅट, हॅटखाली साहेब, आणि मागं ढकलणारे दोघे उघड्या डोक्याचे. साहेब उतरला. सगळी गँग आडवी बघून त्याचं टाळकं सटकलं.

“अजून पुण्याची गाडी गेली नाही आणि तुम्ही झोपलात?”

“रूळ तापलाय, साहेब.”

“काल याच वेळेला काम चाललं होतं. परवाही. तेव्हा नव्हता तापला?”

तू आपल्या तळव्याकडं बघितलंस. मग म्हणालास, “काल माजा हात मेल्याला होता, साहेब.”

साहेबाला वाटलं तू त्याची थट्टा करतोयस. मला वाटलं तू मला टोमणा मारतोयस, माझंच वाक्य माझ्या तोंडावर फेकतोयस. मी रागानं तोंड दुसरीकडं केलं.

साहेब म्हणाला, लष्कराची गाडी यायची आहे, डोंगर फोडलेल्या कटिंगमधला खचलेला सांधा त्याआधी भरून झाला पाहिजे, रूळ तापलेला असो की गार. माणसं उठायला लागली. तू हात आडवा केलास.

“गँग उठनार नाय. सांधा भरायचाय ना? मी भरतो.”

“एकटा?”

“मुकादम हाय मी.”

साहेबानं खांदे उडवले आणि ट्रॉलीवर बसला. तू फावडं आणि खडी ठासायचा बीटर उचलून त्या कातळाच्या भट्टीत शिरलास. मी बघत राहिलो थोडा वेळ. मग माझं मलाच कळेना, मी उठून तुझ्या मागं आलो होतो.

“तू कशाला?” तू म्हणालास. शिमग्यानंतर मला बोललेले ते पहिले शब्द.

“तुज्यासाठी नाय आलो. सांध्यासाठी आलो.”

खोटं बोललो. सांधा गेला खड्ड्यात.

तू खडी सारलीस, मी बीटर मारला. मग मी खडी, तू बीटर. बीटरच्या दांड्यावर मला लाल दिसलं, मला वाटलं तुला फोड फुटला. तुला म्हणालो, दे इकडं. तू दिला नाहीस. थोड्या वेळानं तूच म्हणालास, पाणी आण, आणि मला करंजाकडं पिटाळलंस. मी मडकं घेऊन परत आलो तोवर सांधा भरून झाला होता. तू रुळावर बसला होतास. त्या तापलेल्या रुळावर, धोतराच्या एका पदराचं काय ते आवरण, आणि तुला काही वाटत नव्हतं.

अंगावर घामाचा टिपूस नव्हता. मला म्हणालास, “थंडी वाजते रं, रघ्या.”

धाकू, इथं आमचं चुकलं. आपल्या भागात हुडहुडी म्हटली की हिवताप, एवढंच आपल्याला जन्मापासून ठाऊक. वैशाखात भर दुपारी माणूस थंडीनं कुडकुडतोय, हे उलटं आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुला करंजाखाली आणलं. चंदरनं घोंगडी आणली. आम्ही ती तुझ्या अंगावर घातली आणि मी ती दोन्ही बाजूंनी खोचली, वारा जाऊ नये म्हणून. मडकं बाजूला भरलेलं होतं. ते आम्ही झाकून ठेवलं, तापात गार पाणी बाधतं म्हणून.

मी तुझ्या कपाळावर हात ठेवला. माझाही तळवा काही कमी जाड नाही. तरी तो तिथं एका दमापुरताही टिकला नाही.

फाटकावरचा इस्माईल आरडाओरडा ऐकून आला. त्यानं एकदा बघितलं आणि घोंगडी ओढून फेकून दिली. “ह्याला पांघरवताय काय? ह्यो ताप नाय, ऊन हाय. माजा भाऊ बोटीवर भट्टीला कोळसा घालतो, थितं मानसं अशीच पडतात. पानी ओता, सगळं ओता.” आम्ही सगळं ओतलं. तुझा सदरा फाडला, पंच्यांनी वारा घातला. इस्माईलनं लाल निशाण दाखवून घाटातून उतरणारी मालगाडी थांबवली आणि तुला मागच्या गार्डाच्या ब्रेकच्या डब्यात घातलं. तू बडबडत होतास. “बसा रं, बसा. सावलीत बसा.” गँगला सांगत होतास. शेजारी मी होतो, माझ्यासाठी एक शब्द नव्हता.

मी तुझा उजवा हात धरला तेव्हा दिसलं. तळवा सोललेला होता. जाड कातडं कुठंच नव्हतं, खालचं तांबडं दिसत होतं. मला वाटलं, रुळानं भाजला. कर्जतचा सिग्नल दिसायच्या आधी तू गेलास. स्टेशनाजवळच्या डॉक्टरनं बघितलं आणि एवढंच विचारलं, “आधी पाणी का नाही ओतलं?” मी तुझा सोललेला तळवा पंच्यात गुंडाळला.

साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाला, ताप अंगात होता म्हणून गेला, असं सांगायचं. आणि मला म्हणाला, आता तू मुकादम. पुढं म्हणाला, भर दुपारी एका माणसानं सांधा भरला, म्हणजे काम होऊ शकतं, तेव्हा ती हात ठेवायची नाटकं आता पुरे. धाकू, तू मेलास ती दुपारच त्यानं आमच्या विरुद्ध पुराव्याला धरली. तुझी सुट्टी तुझ्याबरोबर जळणार असं मला दिसायला लागलं. दहा दिवस गँग उन्हात चालली. चंदर दोनदा खाली बसला. मी मुकादम होतो आणि मला काय करावं ते कळत नव्हतं. तळवा रुळावर ठेवून बघितला मी, एकदा नाही, दहादा. टिकत होता. माझाही हात मेलाय रे, तुझ्याच वयाचा तो. साहेबानं उद्या विचारलं, कुठं तापलाय, तर मी काय दाखवणार?

आणि काल, पंगत उठल्यावर, हौसावहिनींनी मला मागच्या पडवीत बोलावलं. तिथं आंघोळीचा दगड आहे. त्या दगडाशेजारी पाय घासायची वजरी पडली होती. वहिनींनी ती उचलून माझ्या हातात दिली. झिजून निम्मी झाली होती.

“शिमग्यापासून रोज आंघोळीला बसले की हात घासायचे,” त्या म्हणाल्या. “पायाला नाय, हाताला. रगत येईस्तोवर. मी म्हनले, येड लागलं का? तं म्हनाले, रघ्या बोलला ते खरं हाय. हात मेलाय. त्याला जिता केल्याबिगर रुळावर ठेवायचा नाय, मानसं मरतील माजी.”

मी दगडावर बसलो.

“मला का नाय सांगितलं, वहिनी?”

“नको म्हनाले. म्हनाले, त्याला सांगितलंस तं डोक्यावर बसंल माज्या. हात बरा झाला की मीच सांगतो.”

घे. म्हणजे ‘काल माजा हात मेल्याला होता’ हा टोमणा नव्हता. तू साहेबासमोर, सगळ्या गँगसमोर, माझं म्हणणं कबूल केलं होतंस. आणि मी तोंड फिरवून बसलो होतो. तू सरळ माझ्याकडं बघून का नाही म्हणालास रे ते? तेवढ्यानं काय तुझं मुकादमपण गेलं असतं? मला तुझा राग आला, भयंकर आला, आणि त्या दगडावर बसून मी मोठ्यानं रडलो. पंगतीतली माणसं वाकून बघायला लागली. बघू देत.

वहिनी जवळच होत्या. तुझी धाकटी नात पडवीत गोधडीवर निजली होती, तिचं अंग सकाळपासून कसकसत होतं. बोलता बोलता वहिनींनी वाकून तिच्या कपाळाला हात लावला. हात पालथा करून. बोटांच्या मागची बाजू लावली, मानेला लावली, म्हणाल्या, उतरलाय.

मी बघतच राहिलो. म्हणालो, “पालथा का लावता?”

“मंग? ह्या हाताला काय कळतंय, भावजी?” त्यांनी तळवा दाखवला. गवत कापून, लाकडं फोडून तो तुझ्या-माझ्यासारखाच झालाय. “तळवा मेला तरी पाठ जिती असती. माजी आय पन असंच बघायची.”

आज सकाळी मी लायनीवर गेलो. ऊन चढलं. माणसं खडी उकरत होती, चंदरचा चेहरा तांबडा झाला होता. पुण्याच्या गाडीला पुष्कळ वेळ होता. मी फावडं ठेवलं आणि तुझ्या जागी उकिडवा बसलो. सवयीनं तळवाच पुढं केला. मग हात पालथा केला आणि रुळाला लावला.

असा चटका बसला की डोळ्यांत पाणी आलं.

“बसा रं,” मी म्हणालो.

चंदर म्हणाला, “एवढ्यात? साहेब आला म्हंजे?” मी म्हणालो, साहेबाला सांगायचं ते धाकूनं कधीच सांगून ठेवलंय, रूळ तापलाय. विश्वास नसेल तर त्यालाही म्हणू, हात पालथा करून बघा. त्याचा तळवा मऊ आहे, त्याला पालथा करायचीही गरज नाही. ठेवेल की नाही ते ठाऊक नाही. मुकादमी काढून घेईल कदाचित. घेऊ दे, पण तोवर ही माणसं सावलीत बसतील. पुण्याची गाडी गेली तेव्हा सगळी गँग करंजाखाली आडवी होती, आणि खिडक्यांतली माणसं आमच्याकडं बघत होती. पहिल्या उन्हाळ्यांत बघायची तशीच.

मी झोपलो नाही. चंची काढली, तंबाखू मळली, आणि अर्धी तू आडवा व्हायचास त्या बाजूला पानावर ठेवली.

धाकू, आपण त्या तळव्यावरून शिमग्यापासून भांडलो. मी तुला सगळ्यांदेखत बोल लावला, तू रगत येईस्तोवर तो घासून काढलास. आणि तुझ्याच घरात, रोज तुझ्या डोळ्यांसमोर, वहिनी पोरांच्या कपाळाला हात पालथा करून लावत होत्या.